मुलगा जवळ होता

दादा जिन्यातून वर आला तेव्हा ती वर्गाच्या दाराजवळच्या सिग्नलचा पिवळा दिवा पिळून घट्ट बसवत होती. आधी बूट दिसले, जाड तळव्याचे, कामावरचे, पण आज पुसलेले. मग इस्त्रीचा शर्ट, आणि मग सगळा दादा. लिफ्ट असलेल्या इमारतीत जिना चढून येणारा माणूस तिच्या ओळखीत एकच होता. दादा लिफ्टदुरुस्तीच्या कंपनीत होता, आणि आठवडाभर लिफ्टच्या खड्ड्यात आणि छपरावर काढल्यावर सुट्टीच्या दिवशी तो कुठल्याही लिफ्टमध्ये पाय ठेवत नसे. त्यानं तिला बघून मान हलवली, जणू दोघं रोज इथंच भेटतात. तुझी वहिनी म्हणाली आज घरच्यांना बोलावलंय, असं काहीतरी तो म्हणाला. वहिनी स्वतः का आली नाही तेही त्यानं सांगितलं, पण ते तिच्या डोक्यात शिरलं नाही. हातातला दिवा तिनं इतका पिळला की तो कुरकुरला. बसायचं कुठे, त्यानं विचारलं. कुठंही, ती म्हणाली, आणि तो सरळ शेवटच्या रांगेत गेला, ‘येथे भोंगा वाजवू नये’ या पाटीखाली, आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून बसला. अजून तासाभरानं ती समोर उभी राहून बाबांच्या शेवटच्या दुपारचं भाषण करणार होती, मंडळातलं तिचं सगळ्यात गाजलेलं, आणि त्या भाषणात दादा नव्हता. त्या दुपारी मात्र होता.

लोकांसमोर बोलायला शिकवणारं हे मंडळ एकाआड एक शनिवारी भरत असे, मोटार शिकवणाऱ्या शाळेच्या वरच्या मजल्यावरच्या वर्गात. भिंतींवर रस्त्याच्या खुणांचे तक्ते, कोपऱ्यात टेबलाला ठोकलेलं एक सुटं स्टिअरिंग, आणि दाराजवळ पुरुषभर उंचीचा सिग्नल. शिकाऊ चालकांसाठी आणलेला हा सिग्नल मंडळानं वक्त्यांना लावला होता. हिरवा लागला की आवरतं घ्यायच्या विचाराला लागायचं, पिवळा लागला की शेवटाकडे वळायचं, आणि लाल लागल्यावरही जो बोलत राहील त्याला सगळ्यांनी टाळ्या वाजवून खाली बसवायचं. शाळेचे मालक म्हणजेच मंडळाचे मास्तर. त्यांनी अर्ध्या शहराला क्लच सोडायला शिकवलं होतं, आणि आता उरलेल्या आयुष्यात त्याच शहराला बोलायला शिकवायचं त्यांनी मनावर घेतलं होतं. वक्ता बोलत असताना त्यांचा उजवा पाय मधूनच फरशीवर दाबला जाई. शिकवताना शेजारच्या सीटपुढं असणाऱ्या जादा ब्रेकची सवय. अध्यक्षीण बाई दाताच्या डॉक्टर होत्या. दिवसभर आपण एकटंच बोलतो आणि समोरचा तोंड उघडून नुसता पडलेला असतो, याचा उबग आल्यामुळं त्या मंडळात आल्या होत्या. आणि घंटीवाले काका, हवामान खात्यातून निवृत्त झालेले, ज्यांच्याकडं एकच काम होतं: वक्त्यानं ‘अं’ म्हटलं की टेबलावरची घंटी वाजवायची. ते हे काम निर्दयपणे करत. ती स्वतः पडद्यांच्या दुकानात होती. लोकांच्या घरी जाऊन खिडक्यांची मापं घ्यायची, कापड दाखवायचं. मापात तिचा हात कधी चुकला नाही, पण गिऱ्हाइकानं भाव विचारला की जीभ टाळ्याला चिकटायची. मालकीणबाईंनीच तिला इथं धाडलं, आणि ती सुधारली. आता तिच्या तोंडून ‘अं’ निघत नव्हता, घरीसुद्धा नाही, आणि वहिनीच्या मते तिच्याशी फोनवर बोलताना बँकेशी बोलल्यासारखं वाटायचं.

पहिल्यांदा ती दुपार तिनं जशी झाली तशीच सांगितली होती, कारण दुसरी कशी सांगायची ते तिला ठाऊक नव्हतं. बाबा दवाखान्यात वरच्या मजल्यावर होते. दाढीचे खुंट वाढले होते आणि ऑक्सिजनचा मास्क नीट बसत नाही म्हणून नर्सनं रेझर आणायला सांगितलं. दादा पलंगाशेजारच्या खुर्चीत होता. ती खाली गेली, समोरच्या दुकानातून रेझर घेतला आणि परत येऊन लिफ्टसमोर उभी राहिली. लिफ्ट येईना. वर कुठल्यातरी मजल्यावर अडकली होती, आणि खाली जमलेले लोक पाळीपाळीनं बटण दाबून बघत होते. माझा भाऊ शहरातल्या लिफ्ट चालू ठेवतो, तो वर बसलाय आणि मी खाली ताटकळतेय, याचं तिला हसू आलं. वर गेल्यावर त्याला यावरून चांगलं सोलायचं असं ठरवून ती चक्क हसत उभी होती. लिफ्ट आली, ती वर गेली, तर दादा खोलीच्या दारात. त्यानं तिच्या हातातली पिशवी घेतली, उघडून आत बघितलं आणि म्हणाला, आणलंस. तेवढ्यावरून तिला कळलं. भाषण तिथंच संपलं होतं, कारण पुढचं तिला सांगता येत नव्हतं. घंटी सारखी वाजत होती. तरीही खाली बसताना तिला हलकं वाटलं होतं, उन्हातून सावलीत आल्यासारखं, हे तिला नीट आठवतं. त्या दिवसातलं तेवढंच आता नीट आठवतं.

मास्तरांची मूल्यमापनाची रीत ठरलेली होती. आधी गोड, मध्ये कडू, शेवटी पुन्हा गोड. विषय काळजाला हात घालणारा आहे, ते म्हणाले. पण मुख्य प्रसंग तुमच्या गैरहजेरीत घडतो. श्रोते तुमच्याबरोबर लिफ्टखाली उभे राहतात, आणि खरं नाटक वर चाललंय. श्रोत्यांना वर न्या. लिफ्टची गंमत तर काढूनच टाका, त्यानं लोक हसतात आणि हसलेला माणूस लगेच रडत नाही. सर्वांनी माना डोलावल्या. तिनंही डोलावली, कारण सांगणं बरोबरच होतं. भाषण म्हणून ते अगदी बरोबर होतं. पुढच्या वेळी ती रेझर घेऊन वेळेवर वर पोचली. त्याच्या पुढच्या वेळी ती खाली गेलीच नाही. मग एकदा मास्तरांनी विचारलं, भाऊ या गोष्टीत काय करतो. तिनं विचार केला आणि म्हणाली, बसलेला असतो. मग काढा, मास्तर म्हणाले. पलंगाच्या दोन बाजूंना दोन माणसं बसली की श्रोत्याला कळत नाही कुणाकडं बघायचं. तेव्हा दादाला तिनं आधी दुसऱ्या गावी कामावर पाठवला, आणि अगदीच नाहीसा करणं बरं दिसेना म्हणून वाटेला लावला. ‘माझा भाऊ वाटेत होता.’ या वाक्याला अध्यक्षीण बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याच बाईंनी पुढं सुचवलं की वडिलांच्या तोंडी शेवटी एखादं साधंसं वाक्य हवं, मोठं नको, घरगुती. ती रात्रभर आठवत बसली आणि शेवटी व्यवसायानं मदत केली. बाबा म्हणाले, ‘खिडकी उघड जरा.’ तिनं खिडकी उघडली, बाहेरून शाळा सुटल्याचा कालवा आत आला, आणि तो ऐकता ऐकता बाबा गेले. या भाषणाला मंडळाचा चषक मिळाला होता, आणि आज ते घरच्यांसमोर करून पुढं सगळ्या मंडळांच्या मोठ्या स्पर्धेला जायचं होतं.

खोटं बोलतो आहोत असं तिला कधी वाटलं नाही. खोटं एकदम बोललं जातं. हे बोटबोट सरकत इथवर आलं होतं, टांगलेल्या पडद्याला स्वतःच्या वजनानं ताण पडत पडत तो जमिनीला टेकावा तसं, आणि दर वेळी चार शहाण्या माणसांनी बरं झालं म्हटलं होतं. शिवाय आरशासमोर, बसमध्ये, शिडीवर चढून खिडकीची पट्टी मोजताना तिनं ते इतक्यांदा म्हटलं होतं की आता डोळे मिटले की तिला लिफ्टचं बंद दार दिसेच ना. बाबांचा हात दिसे, आपल्या हातात, त्यावरच्या शिरांसकट. आणि खरं सांगायचं तर या अदलाबदलीत एक जुनी फिटंफाट होती, जी तिनं मास्तरांना सांगितली नव्हती. बाबा गेल्यावर घरात जो येई तो एकच वाक्य म्हणे. नशीबवान, शेवटी मुलगा जवळ होता. आत्या म्हणाली, शेजारचे म्हणाले, बाबांच्या ऑफिसातले म्हणाले. दादा खाली बघत ऐकून घेई. मुलगी दोन महिने रजा काढून दवाखान्यात होती, आणि खाली रेझर आणायला गेली तेवढ्यात मुलगा जवळ होता. तिनं एकदा दादाला विचारलं होतं, शेवटी काय झालं रे, काही म्हणाले का. काही नाही, गेले, तो म्हणाला, आणि उठून नळाचं वायसर बदलायला लागला. तिला तेव्हा वाटलं, याच्यापाशी काहीतरी आहे आणि हा ते हातचं राखून ठेवतोय. लहानपणी खिशात गोळी ठेवून नाही म्हणायचा, तसं. मग भाषणात ती दुपार तिच्याकडं आली तेव्हा तिनं ती ठेवून घेतली. दादाला वाटेला लावताना तिला थोडं बरंही वाटलं होतं, आणि हे तिला आज, तो भोंग्याच्या पाटीखाली बसलेला असताना, स्वच्छ कळत होतं.

समोर एक विमावाला आपण वयाच्या चाळिशीत पोहायला कसे शिकलो ते सांगत होता. घंटी वाजली, पुन्हा वाजली. दादा दचकून घंटीकडं बघे आणि मग शेजारच्या माणसाकडं, कुणाचं काय चुकलं ते समजून घ्यायला. ती मास्तरांच्या खुर्चीमागं जाऊन वाकली आणि कुजबुजली की आज भाषणात थोडा बदल करू का. मास्तरांनी मान न वळवता विचारलं, कुठं. भावाच्या जागी, ती म्हणाली. तो आलाय.

“मग उत्तमच की,” मास्तर म्हणाले. “भावासमोर भावाचं वाक्य. पण शब्द बदलू नका आता. चालत्या गाडीत मिरर हलवायचा नसतो.”

ती परत जागेवर आली. काय करता येईल ते तिनं मोजून बघितलं, सवयीप्रमाणं, रुंदीनं आणि उंचीनं. दुसरंच एखादं भाषण करावं, जुनं, पडदे कसे निवडावेत यावरचं. लोक हसतील, मास्तर नाराज होतील, दादाला काही कळणार नाही. किंवा डोकं दुखतं म्हणून घरी जावं. किंवा जसं झालं तसं सांगावं. या शेवटच्या विचारानं ती खरंच उभारी धरून बसली, मनात पहिलं वाक्य जुळवायला लागली, आणि तिला आढळलं की ते तिच्यापाशी नाही. रेझर कुठल्या रंगाचा होता, लिफ्टसमोर तिच्या शेजारी कोण होतं, दादानं पिशवी उजव्या हातानं घेतली की डाव्या, काहीच सापडेना. तिथं उभी राहून हसणारी ती बाई कोण होती तेही नीट सांगता आलं नसतं. जी दुपार तिला येत होती ती एकच होती. विमावाला किनाऱ्याला लागला, टाळ्या झाल्या, आणि अध्यक्षीण बाईंनी तिचं नाव घेतलं.

ती उभी राहिली आणि बोलायला लागली. मंडळानं तिला दिलेली ही खरी देणगी होती: उभं राहिलं की बोलणं सुरू होई, ती तिथं असो वा नसो. बाबांचा स्वभाव झाला, त्यांचं चष्मा कपाळावर ठेवून चष्मा शोधणं झालं, लोक जिथं हसतात तिथं हसले, दादाही हसला, कारण ते खरं होतं. मग दवाखाना आला. तिनं आवाज उतरवला. खोलीतला उजेड सांगितला, पलंग सांगितला, हात सांगितला, आणि ती स्वतःचं बोलणं शेजारच्या घरातल्या रेडिओसारखं ऐकत होती. शेवटच्या रांगेत दादा किंचित पुढं झुकला. ‘माझा भाऊ,’ ती म्हणाली, आणि पुढचं वाक्य तोंडात तयार असताना थांबली. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, नवल नव्हतं. तो पुढं काय होतं ते ऐकायला बसला होता. ज्याला शेवट माहीत आहे त्या माणसानं असं बसायचं कारण नव्हतं. घंटीवाल्या काकांचा हात घंटीवर तयार होता, पण तिनं ‘अं’ म्हटलं नाही. मग जिभेनं आपलं काम केलं. ‘माझा भाऊ वाटेत होता.’ दादानं मान हलवली, हो म्हटल्यासारखी. त्यानंतर बाबा म्हणाले, खिडकी उघड जरा, आणि नेमकं तेव्हा तिला ती खिडकी दिसली, खरी, कितीतरी दिवसांनी: अख्खी एकसंध काच, वातानुकूलित खोलीची, कडेनं रबर दाबून बसवलेली. तिला ना कडी होती ना बिजागरी. अशा खिडकीला आपण उभ्या पट्ट्यांचे पडदे सुचवतो, तिला वाटलं, आणि तिनं ती खिडकी उघडली. शाळा सुटल्याचा कालवा आत आला. बाबा गेले. हिरवा दिवा लागून पिवळा लागायच्या आत ती खाली बसली, आणि टाळ्या इतका वेळ वाजत राहिल्या की लाल दिवा लागल्याची तिला शंका आली.

मास्तर मूल्यमापनाला उभे राहिले तेव्हा त्यांचे स्वतःचे डोळे ओले होते, आणि ते त्यांनी लपवले नाहीत. आज मध्ये कडू काही नाही, ते म्हणाले. ‘माझा भाऊ’ म्हटल्यावर जो थांबा घेतला तो सगळ्यांनी लक्षात ठेवा. असा थांबा शिकवता येत नाही. भाऊ समोर बसलेला असताना तो तिथंच घेणं म्हणजे कमाल झाली. ती खुर्चीत ताठ बसून ऐकत होती. तिला हसायला यायला लागलं, आणि लिफ्टसमोर आलेलं हसू असंच होतं हे एकाएकी आठवलं, नुसतं हसू, बाकी काही नाही. मग अध्यक्षीण बाई म्हणाल्या की आता पाहुण्यांचे दोन शब्द. हा मंडळाचा रिवाज होता. सभा संपताना पाहुण्याला उभं करायचं आणि कसं वाटलं ते सांगायला लावायचं. पाहुण्याला नाही म्हणायची सोय नसे, आणि पाहुण्याला घंटी लागत नसे. हे ती तासभर विसरली होती. आपण काय बोलणार याचा विचार करताना दादाही बोलेल हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. सगळ्या माना मागं वळल्या.

दादा उठला. हात कुठं ठेवावेत ते त्याला कळेना, त्यानं पुढच्या खुर्चीची पाठ धरली. तो म्हणाला, अं, मी हिचा भाऊ. मोठा. मी लिफ्टचं काम करतो, तिथं बोलायचं काम नसतं, वर आणि खाली एवढंच. लोक प्रेमानं हसले. घंटीवाल्या काकांनी घंटी उचलून मांडीवर घेतली, सवयीनं वाजू नये म्हणून. तिनं समोरच्या फरशीवर नजर लावली. आता तो म्हणणार होता, आणि ते त्यानं म्हणायलाच हवं होतं. तिनं त्याच्याकडून जे घेतलं ते तो चार लोकांत मागून घेणार होता, आणि नंतर दोघांच्या घरांत जे उरेल ते उरेल.

“हिनं सांगितलं ते, अं, बरोबर आहे,” दादा म्हणाला. “मी वाटेत होतो. मला उशीर झाला. ही होती म्हणून बरं.”

तो खाली बसला आणि लोकांनी त्याच्यासाठीही टाळ्या वाजवल्या. मास्तर तिच्याकडं वळून हळूच म्हणाले, बघा, किती सहज बोलले, याला म्हणतात मनापासून. नंतर चहा झाला. दादानं कप घेतला, अध्यक्षीण बाईंना त्यांच्या दवाखान्याच्या लिफ्टचं दार का अडकतं ते समजावून सांगितलं, स्टिअरिंग थोडं फिरवून बघितलं. ती खुर्च्या एकावर एक रचत होती. मोठ्या स्पर्धेत हेच करा, अक्षर बदलू नका, तिला येता-जाता सगळे सांगत होते, आणि ती हो म्हणत होती. बदलू नका म्हणणाऱ्यांत असा एकही नव्हता ज्यानं ते बदललं नव्हतं.

बाहेर अजून ऊन होतं. रस्त्यावर शनिवारची सुस्त गर्दी, पंक्चरच्या दुकानात ट्यूब पाण्यात बुडवून बघणारा माणूस, एक बाई फोनवर कुणाला तरी उजवीकडं वळ म्हणून सांगत होती. दादाची स्कूटर पुढच्या गल्लीत होती. दोघं तिथपर्यंत चालत गेली. तिला आता कुठल्याही वाक्याची सुरुवात भाषणासारखीच वाटत होती. दादानं किल्ली काढली, पण लावली नाही.

“दादा, तू होतास तिथं,” ती म्हणाली.

“होतो ना.”

“मग तसं का बोललास?”

त्यानं सीटवरची धूळ तळहातानं पुसली, गरजेहून जास्त वेळ. “माझा डोळा लागला होता,” तो म्हणाला. “तू रेझर आणायला गेलीस, म्हणालीस लक्ष ठेव, आणि मी, अं, खुर्चीत मागं टेकलो फक्त. आदल्या रात्रभर एका लिफ्टमध्ये माणसं अडकली होती, तिथं होतो. जाग आली तर नर्स मला हलवत होती. मला वाटलं तुझ्या रेझरचं काहीतरी विचारतेय.” तो थांबला. हा थांबा कुणी घेतला नव्हता. तो आपला आला होता. “मग सगळे म्हणायला लागले, मुलगा जवळ होता, मुलगा जवळ होता. आता त्यांना काय सांगू. तुझ्या वहिनीलाही नाही सांगितलं.”

तिला काय वाटलं ते तिला ताबडतोब कळलं, आणि ते तिनं स्वतःपासून लपवलं नाही. तिला वाईट वाटलं, खूप. आणि त्याच्याखाली आणखी एक गोष्ट होती. त्या खोलीत कुणीच नव्हतं. इतकी वर्षं तिनं त्याच्या खिशात जी गोळी आहे असं धरून ठेवलं होतं ती नव्हतीच. बाबा गेले तेव्हा एक पोरगं झोपलेलं होतं आणि एक खाली हसत उभं होतं, आणि जे झालं ते कुणीही बघितलं नव्हतं. बघितलं होतं ते फक्त तिच्या भाषणात. पंक्चरवाल्याला ट्यूबमधलं भोक सापडलं असावं. त्यानं काडीनं खूण केली. दादा हेल्मेट हातात फिरवत होता. त्याचे कानाजवळचे केस पांढरे झाले होते, हे तिच्या आज प्रथमच लक्षात आलं.

“आज तू सांगत होतीस ना,” तो म्हणाला, “तेव्हा मला वाटलं, चला, कुणीतरी होतं.” मग त्यानं मान खाली घातली, आणि जे विचारायला तो जिना चढून आला होता असं तिला नंतर कायम वाटत राहिलं, ते विचारलं. “त्यांना शेवटी त्रास झाला का गं?”

त्या वेळी ती खोलीत नव्हती हे त्याला ठाऊक होतं. पिशवी त्यानंच तिच्या हातातून घेतली होती. तरी तो उत्तराची वाट बघत होता, तसाच किंचित पुढं झुकून.

“नाही,” ती म्हणाली. “अजिबात नाही झाला. तुझ्याकडं बघत होते. मी तुला, अं, उठवायला निघाले तर म्हणाले, झोपू दे त्याला. दमलाय.”

दादानं हेल्मेट डोक्यावर चढवलं, हनुवटीखाली पट्टा लावला, आणि मग पुन्हा सोडला.

“परत सांग,” तो म्हणाला.

तिनं परत सांगितलं.